महमूदमामूंचा खरा अंदाज

भाच्यावर सूड उगवायचा तर खोटं बोलावं लागेल, असं महमूद परकारांना आधी वाटलं होतं. तशी वेळच आली नाही.

दाभोळहून उसामाला दोह्याला आणलं ते महमूदनीच. नजमा वस्तीतल्या खोलीत स्वतःच्या पलंगावरची जागा दिली, लुसैलच्या हॉटेलात धुराच्या भट्टीवर उभं केलं. छातीचं मांस, ज्याला सगळे ब्रिस्केट म्हणतात, ते मंद धुरावर कसं शिजवायचं ते हाताला धरून शिकवलं. पोरगा चलाख, पण सुस्त. जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज झाली की पिठाच्या पोत्यांमागे जाऊन आडवा व्हायचा तो थेट उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजेला उठायचा. मामू हसून सोडून द्यायचे.

मग बायकोच्या ऑपरेशनसाठी महमूद गावी गेले आणि भाच्याने डाव साधला. हॉटेलच्या मालकाला, म्हणजे अरबाबला, त्याने सांगितलं, की मामूंचे हात कापतात, नजर गेली, नमाजांवर वेळ मोजून मांस वाया घालवतात. महमूद परतले तेव्हा भट्टी उसामाची झाली होती आणि त्यांच्या वाट्याला कांदे आले होते. ज्याला जेवू घातलं त्यानेच हे करावं, याची आग कांदे कापताना रोज भडकायची.

एके दिवशी लग्नाची मोठी ऑर्डर आली. छातीचा अखंड, दांडगा तुकडा. एवढा मोठा उसामाने कधी घातला नव्हता. पहाटे भट्टी पेटवताना तो हळूच मामूंपाशी आला.

"मामू, याला केवढा वेळ धरू?"

अरबाब शेजारी येऊन उभे राहीपर्यंत महमूदनी तोंड उघडलं नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फजरला घातलास तर मगरिबला निघेल. मग गुंडाळून इशापर्यंत ठेव. वजनाकडे बघू नको, जाडी बघ."

पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत धूर, मग रात्रीच्या नमाजेपर्यंत गुंडाळून मुरवणं: अक्षर न् अक्षर खरं होतं. उसामाच्या डोळ्यांत मात्र संशय तरळला. म्हाताऱ्याला मांस सुकवून आपली नाचक्की करायची आहे, असं त्याने मनात धरलं. ते महमूदनी ओळखलं आणि त्यांना मनापासून आनंद झाला. जो स्वतः दगा देतो त्याला दुसऱ्याच्या जिभेवर खरं दिसतच नाही.

जोहर उलटली आणि मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा अडला. मोठा तुकडा मध्येच घाम गाळू लागतो, त्याचं पाणी उडत राहतं, गरमी वाढायची थांबते. तासन्‌तास काटा हलत नाही. महमूदना हे पाठ होतं. उसामा मात्र रोज नेमका त्याच वेळी घोरत असायचा.

"मामू, काटा बिघडला काय?"

"नाही. असंच होतं. थांब."

पुन्हा खरं. उसामा कुत्सित हसला आणि असरची बांग होताच मांस बाहेर काढलं.

लग्नात चिवट मांसावर सुरी चालेना. पाहुण्यांनी घास तोंडातून काढून ताटात ठेवले, नवऱ्याच्या बापाने अरबाबला सगळ्यांसमोर सुनावलं. उसामा म्हणाला, मामूंनी फसवलं. अरबाबनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सकाळचं बोलणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टी परत महमूदच्या हाती आली. उसामा खाली मान घालून उभा होता. अरबाबनी विचारलं, "महमूद, इसको रखना है या मुल्क भेजना है?"

महमूद दमाने हात पुसत राहिले. गावी गेला असता तर महिन्याभरात सगळं विसरला असता.

"रखो अरबाब. कांदा काटने को आदमी चाहिए."

उसामाने जोहरनंतर पोत्यांकडे पाऊल टाकलं, तेव्हा मामूंनी कांद्यांची आणखी एक गोणी त्याच्यापुढे ओतली.

त्या संध्याकाळी दाभोळहून बहिणीचा फोन आला. ती रडत होती. "भाऊ, तू होतास म्हणून पोराची नोकरी राहिली. अल्ला तुला खूप देईल."

महमूदनी भट्टीचं दार लावलं, बहिणीची दुवा पुरती ऐकून घेतली आणि म्हणाले, "आमीन."