भरल्या जीपमध्ये विचारलेला प्रश्न

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात देवीच्या देवळातली झाडलोट आणि दिवाबत्ती तीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे कांजिण्या बऱ्या होऊन आठवडा झाला नाही तोच पाय जड पडले, तेव्हा मी आधी देवीवरच चिडले. एवढं करून हेच का? त्यात घरच्यांनी जीव नकोसा केला. जाऊबाई म्हणाल्या, "देवीआईचा काही मान राह्यला असंल." शेजारणीने खजूर आणून दिले, "अशक्तपणा हाय." आमचे मालक पायांना तेल चोळत बसले. बेंबीखाली चिमटा काढला तरी कळत नाही, हे मी चारचारदा सांगत होते, ऐकतं कोण!

तिसऱ्या दिवशी उभंच राहता येईना. सेनगावला कुणी मालिशवाला आहे म्हणून मालकांनी मला उचलून जीपमध्ये बसवलं. शेजारी बांगड्यांची पेटी घेतलेली एक अनोळखी बाई होती. माझ्या लुळ्या पायांकडे बघून तिने मोठ्याने विचारलं, "बाई, लघवीला कवा गेल्ता?"

भरल्या जीपमध्ये! माझे कान तापले. "तुमाला काहून सांगू?"

"सांगा तर."

"कालपासून न्हाई," मी दात खात म्हणाले.

ती मालकांकडे वळली. "दादा, ही साधी तकलीफ न्हाई. तापानंतर माझ्या भावाचं असंच झालतं. आमी मालिश करत बसलो, त्यो अजून बाजेवर हाय. सेनगावला उतरू नका. मोठ्या दवाखान्यात न्या."

सेनगाव आलं तशी ती पेटी घेऊन जीपच्या दारात आडवी बसली, हलली नाही. मालक धुसफुसत बसून राहिले.

जीप पुढे हिंगोलीला गेली; तिथल्या दवाखान्यातून आम्हाला नांदेडला पाठवलं. तिथे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आल्याचं निघालं. कांजिण्यांनंतर क्वचित एखाद्याला असं होतं, लवकर आलात ते बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. लघवीची नळी, पाच दिवस सलाईनमधून औषध, मग कित्येक महिने व्यायाम. आता काठी घेऊन चालते. डावा तळवा बधिरच आहे. चप्पल निसटली तरी कळत नाही, आणि त्याचाही वैताग येतो.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. तिला देवीने पाठवलं की भावाच्या दुःखाने बोलतं केलं, मला सांगता येणार नाही. दोघींचे उपकार मानते. देवीपुढे मी रोज डोकं टेकलं, पण माणसांपुढे माझा ताठा कधी मोडला नव्हता. आता देवळाच्या पायऱ्यांशी थांबते आणि जो भेटेल त्याच्यापुढे हात करून म्हणते, "जरा वर न्या मला." म्हणताना अजून राग येतो. तरी म्हणते.