सोनाबाईंचा ढावलो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आता सांगतोय, तर सरळ सांगतो.

माकणीजवळच्या तांड्यावरच्या सोनाबाईंना आज सगळा जिल्हा गायिका आणि लेखिका म्हणून ओळखतो. त्यांना कुणी ओळखत नव्हतं तेव्हा मी त्याच तांड्यावर मास्तर होतो. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते — रडत रडत, गाण्यात. चाल जुनी; शब्द मात्र जिचे तिनं जुळवायचे. सोनाबाईंनी आपल्या लग्नातला ढावलो मला म्हणून दाखवला. त्यात त्यांचा भाऊ गोविंद होता, ऊसतोडीला जाताना स्वतः कुडकुडत त्यानं बहिणीवर टाकलेली घोंगडी होती.

मी तो लिहून घेतला, माझ्या लोकगीतांच्या पुस्तकात छापला. छापताना काय केलं? 'गोविंद' खोडून 'भाऊराया' केलं. खाली लिहिलं — पारंपरिक. नाव ठेवलं असतं तर गाणं एका बाईचं ठरलं असतं, आणि मी? नुसता लिहून घेणारा. पारंपरिक म्हटलं की मी ते शोधून काढणारा.

पुढं सोनाबाई प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकल्या. स्वतःचं पुस्तक काढलं. धाराशिवला प्रकाशन होतं, मी पहिल्या रांगेत. त्यांनी ढावलो म्हटला, तसा मागून एकजण उठला.

"बाई, हे तर सरांच्या पुस्तकात हाय की! ढापलं व्हय?"

"अवो, रडले म्या," सोनाबाई म्हणाल्या. "सरांचं लगीन होतं का ते?"

सभागृह हसलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "सांगा की गुरुजी."

एक वाक्य पुरलं असतं. मी उठलो, शाल सावरली — "लोकगीत आहे. ते कुणा एकाचं नसतं."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत सोनाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग पान उलटून त्यांनी पुढचं गाणं धरलं.

घाबरलो होतो का मी? नाही. मला त्या टाळ्या हव्या होत्या.

दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकानं त्यांच्याच पुस्तकात, त्यांच्याच ढावल्याखाली 'पारंपरिक' छापलं — माझ्या शब्दाखातर. सोनाबाई अजून गातात, खुर्च्या कमी पडतात. तो ढावलो मात्र त्यांनी पुन्हा म्हटलेला मी ऐकला नाही.

तो त्यांनीच रचला होता. भरल्या सभेत त्यांनी मला विचारलं, तेव्हा मला ते माहीत होतं.