दोघींची नावं

त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाला एक जादा कागद जोडायचा होता, पालकाचं हमीपत्र. एका घरातल्या दोघांनाच शिष्यवृत्ती मिळेल, त्यांची नावं लिहून खाली सही करायची. आम्ही तिघं शिकत होतो. दादा दौंडला तिसऱ्या वर्षाला, मी शिरूरला दुसऱ्या वर्षाला, आणि धाकटीनं नुकताच माझ्याच कॉलेजात प्रवेश घेतला होता.

शेवटच्या दिवशी आमचे वडील, आप्पा, आम्हा दोघींबरोबर वडगाव रासाईहून एसटीनं आले. ऑफिसच्या खिडकीशी रांग होती. आमचा नंबर लागला तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

"पाचला खिडकी बंद," क्लार्क म्हणाले. "कागद उद्या पुण्याला जातात."

आप्पांनी सावकाश दादाचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. मी धाकटीकडं बघितलं नाही, तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. मग आप्पा क्लार्कना म्हणाले, "दुसरं धाकटीचं टाकतो. ह्या थोरलीचं लगीन जमवायचं चाललंय. पोरगा कुरकुंभला कंपनीत हाय."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आप्पा, मला विचारलं का कुणी?"

"घरी बोलू."

"घरी बोलून कागद माघारी येणार हाय का?"

क्लार्क कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मुलाच्या गुणपत्रिकेचा नंबर लिहा. नापास असेल तर चालत नाही."

"नापास कशाला हुईल?" आप्पा म्हणाले. पण नंबर त्यांच्याजवळ नव्हता.

आम्ही गेटबाहेरच्या एसटीडी बूथकडं धावलो. दादाच्या बोर्डिंगचा फोन मीच लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत मीटरवरचे लाल आकडे पळत होते.

"दादा, गुणपत्रिकेचा नंबर सांग, लवकर. अर्जाला पाहिजे."





"दोन विषय राहिलेत माझे," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षाला घेतलंच न्हाई मला. आप्पांना दे."

आप्पा नुसते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दादाचं वाईट मागाहून वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं होती. आप्पांनी कोरा कागद मागून घेतला. वर माझं नाव लिहिलं, खाली धाकटीचं. क्लार्कनी शिक्का मारला. परतीच्या एसटीत आप्पा आमच्यापासून लांब, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले.

कुरकुंभच्या लोकांना 'पुढच्या वर्षी बघू' असा निरोप गेला, आणि पुढच्या वर्षीही तो विषय निघाला नाही. दादा रांजणगावला एका कंपनीत लागला. राहिलेले विषय त्यानं नोकरी करत सोडवले. आप्पा मात्र त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. मी पदवीधर झाले.

पुष्कळ वर्षांनी, माझ्या पोरीच्या बारशाला, मी आप्पांना विचारलं, "त्या दिवशी दादा पास असता तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "तर तुजं नाव लिवलं नसतं," म्हणाले, आणि नातीला माझ्याकडून घेऊन मांडवात निघून गेले.