शेवटी चाखून पाहावे

एक ना धड भाराभर चिंध्या, असं भास्करपंत घैसासांबद्दल कल्याणात बोललं जाई, आणि बोलणाऱ्यांत मीही होतो. सन १८८० च्या आसपास ठाण्याच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात आम्ही दोघे नोकरीला होतो. मी प्रुफं तपासायचो. भास्करपंत छपाईचे खिळे जुळवता जुळवता बातम्या लिहू लागले. खाडीत गलबत बुडालं, मिठागरावर तंटा झाला, की हे धोतर खोचून तिथे हजर. कुणाचं काही काम चाललेलं दिसलं, की ते कसं चालतं हे बघितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

या बघण्यातूनच पुस्तकाचं खूळ निघालं. कल्याणच्या रंगाऱ्यांकडे जाऊन ते कित्येक महिने बसले. रंगारी निळीच्या पिंपात बोट बुडवतो, थेंब जिभेवर ठेवतो आणि रंग तयार झाला की नाही ते सांगतो. भास्करपंतांनीही ठेवला. निळी जीभ घेऊन छापखान्यात आले, तेव्हा आम्ही त्यांना नीलकंठ म्हणून चिडवलं. रंगकामाच्या त्या पुस्तकात बहुतेक कृतींखाली त्यांनी लिहिलं होतं, 'शेवटी चाखून पाहावे.' रंगाऱ्यांना ते वाचून दाखवलं, तर ते खूश झाले. आमचं काम या भटानं खरंच बघितलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिथून भास्करपंतांना आपण कुठलीही विद्या कागदावर उतरवू शकतो असं वाटू लागलं.

मग दुसऱ्या, स्वयंपाकाच्या पुस्तकासाठी त्यांची नजर घरातल्या चुलीकडे वळली. त्यांची बायको वारलेली होती. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आवडाबाई, दोघंच. आवडाबाईंना सगळं कल्याण अक्का म्हणे. अगदी लहान वयात विधवा होऊन त्या माहेरी परतल्या आणि लोकांकडे सोवळ्यातला स्वयंपाक करू लागल्या. मुंज असो की श्राद्ध, अक्का मोकळ्या आहेत का हे आधी विचारायचे आणि मगच भटजींकडे जायचे, अशी कल्याणात रीत पडून गेली होती. ज्या बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं, तिच्यावाचून गावातलं एकही मोठं पान वाढलं जात नव्हतं. अक्कांपाशी मिरवायला तेवढंच होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

भास्करपंत उंबऱ्याबाहेर पाटावर बसत. सोवळ्यातल्या बाईला शिवायचं नाही, म्हणून आत पाऊल टाकायची सोय नव्हती. अक्का चुलीपाशी बसून सांगत, हे लिहीत. मीठ किती म्हटलं, की अक्का म्हणत, अंदाजानं. आता अंदाज कागदावर कसा उतरवायचा? आमच्या शहाण्यानं रंगाऱ्यांच्या पुस्तकातली युक्ती उचलली. भाजी, आमटी, खीर, सगळ्यांखाली ठोकून दिलं: 'शेवटी चाखून पाहावे.' वर प्रस्तावनेत कौतुकानं लिहिलं, की या साऱ्या कृती आमच्या अक्कांच्या हातच्या आहेत. अक्कांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, तरी प्रुफं तपासताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही दोघे पुरुष आयतं पान पुढ्यात घेणारे, आम्हाला काय कळणार?

देवाला नैवेद्य दाखवण्याआधी, पितरांचं पान वाढण्याआधी, सोवळ्यातली बाई अन्नाला जीभ लावत नाही. उष्टं अन्न देव घेत नाही, पितर तर नाहीच नाही. पुस्तक बाहेर पडलं आणि कल्याणभर बोभाटा झाला, की अक्का स्वयंपाक करताना चाखतात आणि भाऊच तसं छापून सांगतो. त्या भाद्रपदात पितृपंधरवड्याला अक्कांकडे एकही बोलावणं आलं नाही. रोज पहाटे अंघोळ करून, सोवळं नेसून त्या तयार राहत आणि दुपारी दोघांपुरता भात टाकत. भावाचं पान त्या रोजच्यासारखंच वाढत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत.

भास्करपंत विमलाबाईंकडे गेले. बाजारपेठेतलं ते बडं घर, आणि अक्कांना पहिलं बोलावणं वर्षानुवर्षं तिथूनच येत असे. दोष माझा, अक्का कधी चाखत नाहीत, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. विमलाबाईंचा विश्वासही बसला. पण पंगतीला बसणाऱ्या ब्राह्मणांनी पुस्तक वाचलं आहे, त्यांना कोण समजावणार, असं त्या म्हणाल्या. तेव्हा भास्करपंतांमधला बातमीदार जागा झाला आणि यांनी साप्ताहिकात जाहीर खुलासा छापला. झाकली मूठ ती उघडली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं, शहाड-आंबिवलीपर्यंत.

गंमत अशी, की पुस्तक मात्र खपत होतं. रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून आलेल्या जोडप्यांच्या घरात शिकवायला सासू नव्हती. त्या पोरींनी ते उचललं. वर्षभरात दुसरी आवृत्ती काढायची ठरली. हे कळताच विमलाबाई स्वतः अक्कांच्या दारी आल्या. ते वाक्य नव्या आवृत्तीतून काढा, म्हणाल्या, मग मी घरोघर सांगते आणि यंदा सासऱ्यांच्या श्राद्धाला पहिलं बोलावणं माझंच. भास्करपंतांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. अक्कांनी फक्त मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी मी प्रुफं घेऊन कल्याणला गेलो. दुपार होत आली होती. आत अळूचं फदफदं रटरटत होतं. भास्करपंत पाटावर बसून एकेक कृती मोठ्यानं वाचत होते आणि खालचं वाक्य खोडत होते. अळूच्या कृतीशी आले तेव्हा अक्का म्हणाल्या, "थांब जरा."

त्यांनी पळीतून थोडं अळू तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं. अंगावर सोवळं, देवाचा नैवेद्य व्हायचा होता.

"गरम असताना असं लागतं होय," त्या म्हणाल्या.

सगळ्या गावाला जेवू घालणारी ही बाई रोज सगळ्यांच्या मागून, एकवेळ, निवलेलं जेवत आली होती. हे मी इतकी वर्षं बघत होतो आणि कधी मनातही आलं नव्हतं.

"खोडू नकोस ते," अक्का म्हणाल्या. "होतं तसं राहू दे. आणि विमलाबाईंना सांग, दुसरी बाई बघा."

"अक्का, अगं, मग पुन्हा कुणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही तुला."

"ठाऊक आहे मला. आणि आमच्या अक्का, आमच्या अक्का, हे काय लिहिलंयस? मला नाव आहे ना?"

भास्करपंतांनी लेखणी खाली ठेवली. म्हणून दौत मी पुढे ओढली, खोडलेल्या वाक्यांसमोर 'कायम' अशी खूण केली आणि प्रस्तावनेत नाव घातलं, आवडाबाई. कुठे लिहिलं ते मी बोटानं दाखवलं. उंबऱ्यापलीकडून वाकून, शाई सुकेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग आत वळल्या आणि अळूत आणखी चिमूटभर मीठ घातलं.