कुंकवाखालचा नंबर

बाबांच्या मोटरसायकलला गंज चढला, तो नेमका जिथे चढायला नको होता तिथेच. एरवी त्या गाडीवर गंजाचा ठिपका शोधायचा तर भिंग घेऊन बसावं लागलं असतं. पावसातून आले की आधी गाडी कोरडी व्हायची, मग स्वतः. चेनला तेल, मडगार्डच्या आतल्या बाजूला ब्रशने जळकं ऑइल, आणि आरशांच्या चकचकीत दांड्यांना चक्क खोबरेल तेल. "माझ्या डोक्याला तेल उरत नाही," असं आई म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "गाडी निदान तक्रार करत नाही."

शनिवार पेठेतली आमची दोन खोल्यांची जागा बिल्डरकडे गेली आणि आई-बाबा वाघोलीला, माझ्याच सोसायटीत राहायला आले. तेव्हापासून बाबांचं गंजाशी असलेलं वैर जास्तच पेटलं. आमच्याकडे पाणी टँकरचं, कुठल्या बोअरचं देव जाणे. भांडं वाळलं की त्यावर पांढरे डाग उठतात. पार्किंगमध्ये गाड्या पुसणारा माणूस सकाळी एकच बादली घेऊन सगळ्या गाड्यांवरून ओलं फडकं फिरवतो. बाबांनी पहिल्याच आठवड्यात त्याला गाठलं. "अहो, या पाण्याने तुम्ही गाडी धूत नाही, लोणच्यात घालताय. माझ्या गाडीला हात लावायचा नाही." तो बिचारा हसला आणि तेव्हापासून बाबांची गाडी तेवढी वगळून पुढे जायला लागला.

रोज सकाळी चहा झाला की बाबा त्या गाडीवरून शनिवार पेठेत जायचे. तिथे त्यांच्या एका मित्राचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्या दुकानासमोर दोन स्टुलं टाकून हे लोक बसतात, पेपर वाचतात आणि महानगरपालिकेपासून जावयापर्यंत सगळ्यांना नावं ठेवतात. जेवायच्या वेळेला बाबा परत. "अहो, इथेही बाग आहे, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे," आई सांगून थकली. बाबा म्हणायचे, "इथे मला सगळे अंकल म्हणतात. मी कुणाचा अंकल नाही."

आता, ज्यांनी नगर रस्ता पाहिला आहे त्यांना माझी अवस्था सांगायची गरज नाही. ट्रक, डंपर, कॉलेजची पोरं, उलट्या बाजूने येणारे रिक्षावाले, आणि त्या सगळ्यात पंचाहत्तरीला टेकलेला माझा बाप. मी हिंजवडीला नोकरी करते, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या माझा जीव वर-खाली व्हायचा. मुळात मला स्वस्थ बसता येतच नाही. मीटिंगमध्ये पेनाचं टोपण काढते-लावते, घरी दूध तापत असेल तर तिथेच येरझाऱ्या घालते. फोन केला तर बाबा उचलायचे नाहीत. संध्याकाळी विचारलं की म्हणायचे, "गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे तूच सांगितलंस ना?"

गेल्या पावसाळ्यात ते पडले. खराडीच्या चौकात गाडी घसरली. नशीब, मागून कुणी आलं नाही. घरी येऊन त्यांनी सांगितलं की स्टँड नीट लागला नाही आणि पार्किंगमध्येच गाडी कलंडली. आईने धुवायला टाकलेली पँट गुडघ्यावर फाटलेली पाहिली आणि काय ते ओळखलं; खोदून विचारल्यावर खराडीचं निघालं. पार्किंगमध्ये कलंडलेल्या गाडीने कुणाची पँट फाटत नाही. आठवडाभर बाबा कुठे गेले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून टँकर येताना-जाताना बघत बसायचे. भाजीत मीठ जास्त झालं तरी काही बोलले नाहीत. गाड्या पुसणाऱ्यानेही विचारलं, काका दिसत नाहीत. मला वाटलं होतं ते घरी असले की मला चैन पडेल. उलट, ती त्यांची शांतता मला अजिबात सोसली नाही. मग एके सकाळी काही न बोलता ते परत गाडी घेऊन निघाले, आणि आईने देवापुढे दिवा लावला.

त्यानंतर काही महिन्यांनी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायची वेळ आली. नोंदणी पुन्हा करून घ्यायची, तर गाडी आरटीओत न्यावी लागते. तिथले अधिकारी गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, म्हणजे चासी नंबर, स्वतः डोळ्यांनी वाचतात. शिवाय त्यावर कागद धरून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घ्यावा लागतो. नंबर वाचता आला नाही तर ती गाडी कोणाची, कुठली, काहीच सिद्ध होत नाही. मग तिला रस्त्यावर आणता येत नाही, भंगारातच जाते. बाबांच्या गाडीचा तो नंबर हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर आहे. बाबांनी आधी घरीच टॉर्च मारून पाहिलं, तर तिथे नंबर नव्हताच. तिथे कुंकू होतं.

हे कुंकू आईचं. दर दसऱ्याला ती गाडीची पूजा करते. हळदीकुंकू पाण्यात कालवून हँडलच्या मानेवर स्वस्तिक काढते, अक्षता टाकते आणि झेंडूचा गलेलठ्ठ हार घालते. तो हार काढायचा नाही, आपोआप सुकून पडू द्यायचा. आणि कुंकू तर पुसायचंच नाही. आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. शब्दालासुद्धा इतकं जपणाऱ्या बाईसमोर "कुंकू पुसतो" असं म्हणायची बाबांची छाती नव्हती. त्यामुळे सगळ्या गाडीला तेलपाणी व्हायचं आणि तेवढी चार बोटं जागा तशीच राहायची. दर वर्षी जुन्या थरावर नवा ओला थर बसायचा, वर ओला हार टेकलेला असायचा, आणि खाली गंज आपलं काम करत राहिला. ज्या पूजेने गाडी सुखरूप राहावी तिनेच ती खाल्ली, असं मी म्हणाले. आई म्हणाली, "पंधरा वर्षं सुखरूप आली ना घरी? मग झालं तर."

एका रविवारी सकाळी बाबांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. हातात बारीक पॉलिश पेपर, वाटीत थोडं डिझेल आणि कापूस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जवळचं बारीक दिसत नाही. "तू घास. हलक्या हाताने. हे आकडे फार खोल ठोकलेले नसतात. जास्त घासलंस तर गंजाबरोबर नंबरही जाईल. मग संपलं."

"मेकॅनिककडे देऊ ना."

"नको. तूच कर," म्हणाले आणि फडकं विसरलो म्हणून लिफ्टने वर गेले.

आई खाली आलीच होती. पिशवी घेऊन, भाजी आणायच्या निमित्ताने. तिने लिफ्टचं दार लागेपर्यंत वाट पाहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "जोरात घासलंस तरी चालेल."

"आई!"

"मी काय चुकीचं बोलले? ते सांगून ऐकणार आहेत का? मी त्या कुंकवाला हात लावणार नाही. तू लाव. नंबर गेला तर गेला. गंजानेच गेला म्हणू." तिने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. "मला ते पडलेले बघायचे नाहीत गं."

मी पेपरची घडी घातली आणि घासायला लागले. आधी कुंकू निघालं. बोटं लाल झाली. आईने ते पाहिलं, आणि पाठ फिरवून जिन्याजवळ जाऊन उभी राहिली. मग तपकिरी भुकटी सुटायला लागली, गव्हावर पडणाऱ्या तांबेरा रोगासारखी हाताला चिकटणारी. मी ती डिझेलच्या कापसाने टिपत होते आणि पुन्हा घासत होते. हळूहळू एक अक्षर दिसलं. मग दुसरं. मग शून्य. एका टोकाकडून नंबर उजेडात येत होता आणि दुसऱ्या टोकाला दोन आकड्यांवर गंजाची जाड खपली तशीच होती.

खरं सांगायचं तर मला ती गाडी नको होती. मला मीटिंगमध्ये शांत बसायचं होतं, फोन वाजला की दचकायचं नव्हतं. हाताला दहाएक वेळा जोर दिला असता, तर सगळं मिटलं असतं आणि कुणाला दोष द्यायची गरज नव्हती. गंजाला कोण जाब विचारणार? मी खरंच जोर दिला. एकदा. खपलीचा एक तुकडा उडाला, खाली आकड्याला लागून कोरं, चमकणारं लोखंड दिसलं, आणि मी हात उचलला. मला गॅलरीतली ती खुर्ची आठवली. भाजीतलं मीठ आठवलं. पडून हात-पाय मोडलेला बाप सांभाळता येईल, पण कुणाला टोमणे न मारणारा बाप मला कसा सांभाळता येणार, हे मला कळेना. मी पेपर खाली ठेवला. नखावर कापूस गुंडाळून, डिझेलमध्ये बुडवून, उरलेली खपली टिपून टिपून काढली. शेवटचा आकडा तीन की आठ, कळत नव्हतं. कागद धरून पेन्सिल फिरवली तेव्हा कळलं, आठ.

"आला का वाचता?" आईने लांबूनच विचारलं.

"आला."

"बरं," म्हणाली, आणि भाजी न आणताच वर गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. बाबांनी खाली येऊन नंबरावर बोट फिरवलं, ग्रीसचा पातळ हात दिला आणि "छान" एवढंच म्हणाले. एरवी ते अर्धा तास चुका काढत बसले असते.

आरटीओत आम्ही बरोबरच गेलो. ते मोटरसायकलवर, मी मागून स्कूटरवर, वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला दात-ओठ खात. तपासणीला एक तरुण अधिकारी बाई होत्या. वाकून टॉर्च मारला, एकेक आकडा मोठ्याने वाचला, कागदावरच्या ठशाशी ताडून पाहिला. "काका, गाडी फार छान ठेवलीय हो तुम्ही," म्हणाल्या. अजून पाच वर्षांची परवानगी मिळाली. मला वाटलं, आता बाबा छाती पुढे काढून चालतील.

बाहेर येऊन ते गाडीपाशी नुसते उभे राहिले. किल्ली हातात होती, पण लावत नव्हते.

"काय झालं? चला ना," मी म्हणाले.

"तुझी आई तुला म्हणाली ना, जोरात घास म्हणून?"

मी हेल्मेटचा पट्टा काढायला-लावायला लागले.

"मी मुद्दाम वर गेलो होतो," ते चाकाकडे बघत म्हणाले. "फडकं माझ्या खिशातच होतं. म्हटलं, तुम्ही दोघी काय ते ठरवाल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि तरी पेपर माझ्या हातात दिलात? मी तो नंबर घासून टाकला असता तर?"

"तर सुटलो असतो."

ते तसेच, कुणाला पत्ता सांगावा तसं, सांगत राहिले. खराडीच्या चौकात रोज पाय लटपटतात. सकाळी किल्ली घेताना वाटतं, आज नको. पण गाडी सोडतो, हे वाक्य तोंडातून निघत नाही. दुकानासमोर त्या मंडळींना काय सांगायचं? मला भीती वाटते म्हणून? "गंजाने नेली असती, तर कुणाला काही सांगावं लागलं नसतं. आता झाली ना पाच वर्षांची पंचाईत."

"मग आधी सांगायचं होतं मला!" मी एवढ्या जोरात ओरडले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. इतके महिने मी त्यांच्यासाठी जीव मुठीत धरून बसले होते आणि ते स्वतः माझ्याहून जास्त घाबरलेले होते. मला राग आला होता, आणि रडू पण येत होतं.

"सांगितलं की आत्ता," बाबा म्हणाले.

मी हात पुढे केला. "द्या किल्ली. स्कूटर राहू दे इथेच, नंतर घेऊन जाईन."

ही गाडी चालवायला मी कॉलेजात असताना त्यांच्याकडूनच शिकले, ते बाजूने चालत सूचना द्यायचे, पण ते बरोबर असताना रस्त्यावर तिची किल्ली कधी मिळाली नव्हती. वाद घालतील, क्लचवरून चार शब्द सुनावतील, म्हणून मी तयारीत होते. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मी गाडी चालू केली आणि वाट पाहत राहिले. बाबा मागे येऊन थांबले. आयुष्यभरात ते कुणाच्या मागे बसलेच नव्हते. हात कुठे धरायचा, पाय आधी कुठला टाकायचा, त्यांना कळेना. ते एकदा पुढे झाले, एकदा मागे झाले, आणि मी मान वळवून दुसरीकडे बघत राहिले.