डबा निळाच होता

खोटं बोललो मी, आणि सिंगापूर सोडावं लागलं त्याला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही हसाल आणि मी त्या हसण्याआड लपेन. मला ती सवय आहे.

तो मूळचा कोल्हापूरचा, इथे एका इंग्रजी मासिकात लेख लिहायचा. आमच्या इथल्या मराठी मंडळात सगळे आयटीतले, नाहीतर जहाजावरचे. त्यामुळे पहिली दोन वर्षं लोक त्याला विचारत राहिले, "ते ठीक आहे, पण नोकरी कुठे?" तो शांतपणे सांगायचा, "इथे राहायचा पास तर एम्प्लॉयमेंटचाच आहे."

त्याचा एक प्रश्न सगळ्यांना पाठ होता: "रंग कोणता?" तुम्ही सांगावं, लग्नात सासऱ्यांचा फेटा सुटला. तो विचारणार, "रंग कोणता?" एकदा गणपतीच्या आरतीत एका बाईंच्या ओढणीला निरांजन लागलं. सगळे विझवायला धावले. ओढणी विझल्यावर हा त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "हा गुलाबी म्हणायचा की राणी?"

चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटवर पोहे खायला आला की स्वयंपाकघराच्या दारात उभा. "वहिनी, आधी मिरची की कढीपत्ता?"

"भाऊजी, खायला आलात की पंचनाम्याला?" माझी बायको विचारायची.

"दोन्ही. पण आधी पोहे."

नसत्या चौकशा करणाऱ्याला इथे केपो म्हणतात. आमची मुलगी एकदा त्याच्या तोंडावर म्हणाली, "अंकल, यू व्हेरी केपो लाह." त्याने तेही वहीत उतरवून घेतलं.

वहीच. टेप तो लावत नसे. "यंत्र पुढे ठेवलं की माणूस भाषण करतो," म्हणायचा. टिपणं सगळी मराठीत, आणि अक्षर असं की औषधाच्या दुकानदाराने हात टेकावेत.

मी जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर. आमच्या मजल्याचा फायर वॉर्डनही मीच. म्हणजे अलार्म झाला की सगळ्यांना बाहेर काढायचं, स्वतः शेवटी निघायचं आणि मैदानात डोकी मोजायची. एकदा सरावाचा नसलेला, खराखुरा अलार्म झाला. मी सगळ्यांच्या आधी बाहेर. हातात हजेरीची यादी नव्हती, जेवणाचा डबा होता. आग नव्हतीच, सेन्सर बिघडला होता. मागून आलेल्यांना वाटलं, काय तत्पर माणूस, आपल्या आधी येऊन उभा. त्या वर्षी मला सुरक्षेचं प्रशस्तिपत्र मिळालं.

हे मी त्याला एका शनिवारी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, चहा पिताना सांगितलं. तो हसला नाही.

"रंग कोणता?"

"कशाचा?"

"डब्याचा."

"निळा."

"छापू का? भीतीवर लिहितोय. वर्ष झालं त्या लेखामागे आहे."

"नाव न घालता छाप की," मी ऐटीत म्हणालो.

त्यांच्या मासिकात रीत होती. लेख छापण्याआधी ऑफिसातलं दुसरं कुणीतरी फोन करून त्यातली एकेक गोष्ट पडताळून घ्यायचं. तो फोन मला कामावर आला. एक बाई गोड आवाजात विचारत होत्या, डबा निळा होता, बरोबर ना? समोरच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र, शेजारी मॅनेजर. मी म्हणालो, "असं काही घडलेलंच नाही. मी असं बोललोही नाही." मग त्या खोट्याला टेकू म्हणून, "माझा डबा स्टीलचा आहे."

संपादकांनी त्याची वही मागवली. मराठी वाचणारं तिथे कुणी नव्हतं. मनाने रचून लिहितो, असा शिक्का बसला. लेख रद्द झाला. पुढे कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही, आणि कॉन्ट्रॅक्टबरोबर पासही गेला. रंगसुद्धा विचारून घेणाऱ्या माणसावर, रचून लिहिण्याचा शिक्का.

जाण्याआधी तो घरी आला. पोहे खाल्ले. निघताना चपला घालता घालता बायकोला म्हणाला, "वहिनी, याचा ऑफिसचा डबा कोणत्या रंगाचा हो?"

"निळा. का?"

"काही नाही. मलाच शंका यायला लागली होती."

मी लिफ्टपर्यंतही गेलो नाही.

तीन वर्षांनी त्याचं पुस्तक आलं, परदेशात राबणाऱ्या माणसांवर. मी भीतभीत मागवलं आणि पानापानांत स्वतःला शोधत गेलो. जुरोंग आयलंडच्या प्रकरणाच्या शेवटी दोनच वाक्यं होती: 'इथली आणखी एक गोष्ट माझ्याजवळ आहे. सांगणाऱ्याने ती नाकारली, म्हणून इथे घेतलेली नाही.' एवढंच. डब्याचा उल्लेखसुद्धा नाही.

तो रविवार होता. मी कोल्हापूरला फोन लावला आणि त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, "पळालो होतो मी. डबा निळाच होता. तुझ्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी घाबरून खोटं बोललो. तुझ्या तेव्हाच्या संपादकांना आज तसं पत्र लिहिलंय, खाली सही केली आहे. आता नावानिशी छाप. मला माफ कर."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"जरा सावकाश," तो म्हणाला. "लिहून घेतोय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, अलार्मपासून. 'मला माफ कर'पाशी आलो, तेव्हा त्याचं पेन थांबेपर्यंत थांबलो आणि तेही सावकाश म्हणालो.