कायद्यात नसलेलं झाड

जमादारमामा माणूस पकडण्याआधी त्याची माफी मागत. "रागावू नका भाऊ, तुम्हाले पकडून राह्यलो," असं म्हणायचं आणि मगच मनगट धरायचं. धरणंही असं, की बघणाऱ्याला वाटावं, कुणा म्हाताऱ्याला हात धरून नाल्यापलीकडे सोडायला निघालेत. अबकारी खात्यातला असा जमादार मी दुसरा पाहिला नाही. आणि खरं सांगायचं तर पहिलाही मला नीट कळला, असं नाही.

मी तेव्हा आर्वीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते. माफीचं कारण मला मामींनी सांगितलं. बाजारात गांजा-भांगेचं सरकारी ठेक्याचं दुकान होतं, इंग्रजांच्या वेळेपासूनचं. मामांची निम्मी नोकरी त्याच्या दारात गेलेली. मालावर सरकारी शिक्का आहे का ते बघायचं, गिऱ्हाइकांना रांगेत उभं करायचं, धक्काबुक्की करील त्याला दटावायचं. मग वरून हुकूम आला, दुकानाला कुलूप लागलं, आणि त्याच गिऱ्हाइकांना पकडायचं काम मामांच्या गळ्यात पडलं. "काल ज्याले म्या रांगेत उभं केलं, त्याले आज कोठडीत उभं करू का, बाई?" ते मला विचारत. मी शिकलेली, तेव्हा मला उत्तर येत असणार, अशी त्यांची समजूत होती.

त्यातच आमचं राज्य बदललं. गाव जागचं हललं नाही, पण आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. आधी नागपूरकडून हिंदीत हुकूम येत, मग मुंबईकडून येऊ लागले. मामा ते माझ्याकडून वाचून घेत. दारू बंद, गांजा बंद, अफू डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि भांगेचं काय ते कोणालाच ठाऊक नाही. मामा डोक्यावरचा साफा मांडीवर घेऊन ऐकत बसत. "विष हाय म्हनून बंद हाय, का बंद हाय म्हनून विष हाय?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी भूगोल शिकवते असं सांगून सुटका करून घेतली होती.

त्यांच्या अंगणात न्हाणीच्या सांडपाण्यावर धोतऱ्याचं एक झुडूप माजलं होतं. त्याची काटेरी फळं मामी सोमवारी महादेवाला वाहत. मामांना दमा होता. थंडीत छाती भरली की कुणा वैदूच्या सांगण्यावरून ते धोतऱ्याचं वाळलेलं पान चिलमीत घालून दोन झुरके घेत. धोतरा विषारी असतो, हे मी त्यांना शाळेतल्या सुरात सांगून पाहिलं. "याले सरकार काई म्हणत नाई, मंग मी काऊन म्हनू?"

घरात त्यांचे थोरले भाऊ असत. सगळे त्यांना दादा म्हणत. आईबाप लवकर गेले, तेव्हा जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहून या दादांनी मामांना वाढवलं होतं. दादा रोज संध्याकाळी भजनाला जात आणि तिथे गांजाची चिलीम ओढत. दुकान बंद झालं त्या दिवशी मामा त्यांना म्हणाले, "दादा, तुले पकडाची पाळी माह्यावर आणू नको." दादांनी त्याच दिवशी चिलीम फळीवर ठेवली. पण पुढे त्यांना झोप येईना, घास गिळेना, ताटावर बसले की भांडून उठत. मामांना ते बघवेना. शेवटी त्यांनी एक तोड काढली, जी अबकारी जमादारालाच सुचू शकते. फळीवरची चिलीम काढून त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यात धोतऱ्याची पानं भरली. "घे दादा. हे कायद्यात नाई." कायदाही राखला आणि भाऊही राखला, म्हणून मामा त्या संध्याकाळी कसे खुशीत होते!

दादांचं पानांवर भागलं नाही. पण झाड चालतं असं भावानेच सांगितलेलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता त्यांनी फळ फोडून त्यातलं बी गुळाबरोबर खाल्लं.

मी शाळेतून आले तेव्हा दादा अंगणात उभे राहून हवेतून कापूस वेचत होते. चिमटीत धरायचा, झटकायचा, खांद्यावरच्या नसलेल्या झोळीत टाकायचा. चेहरा लालबुंद, बुबुळं काळीभोर पसरलेली, जीभ कोरडी पडलेली. मामी रडत होत्या. मामा वर्दीतच धावत आले आणि त्यांनी दादांचं मनगट धरलं. माफी मागायचं राहून गेलं. दादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्या अदबीने म्हणाले, "जमादारसाहेब, माहा लहान भाऊ हरवला हो. तुमाले दिसला का?"

"दादा, मीच हाव तो."

"नाई जी. तो एवढासा हाय," असं म्हणत दादांनी हात गुडघ्याशी नेला.

सरकारी दवाखान्यात त्यांना खाटेला बांधावं लागलं. मामांनी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामा तिथून तडक आपल्या साहेबांकडे गेले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "मले पकडा." साहेबांनी कायद्याचं पुस्तक उलटंपालटं केलं. धोतऱ्याला कलमच नाही, घरी जा, म्हणाले. मामा परत आले ते लुबाडल्यासारखे. "दादा गांजा पेला असता त गुन्हेगार झाला असता. म्या त्याले मराले टेकवला, त मी काईच नाई? हे कसं व्हय, बाई?" त्यानंतर या गोष्टींचे किती कायदे आले नि बदलले, पेपरात वाचते. पण त्यांचा तो प्रश्न तसाच माझ्या उरावर आहे.

दादा वाचले. त्यांना काही आठवत नव्हतं. मामांनी रडत रडत सगळं सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "सरकारनं देल्लं तवा घेतलं, सोड म्हनलं तवा सोडलं. तू देल्लं, तेयी घेतलं. आता रडतं कायले?" मामांनी झुडूप मुळासकट उपटलं. झाड महादेवाचं, तरी मामींनी अडवलं नाही.

तेव्हापासून मामा वर्दीत घरात पाऊल टाकीनासे झाले. संध्याकाळी आले की उंबऱ्याबाहेर साफा काढून हातात घेत आणि विचारत, "दादा, मले ओयखलं का?" आतून दादा म्हणत, "ये ना बाबू, तुले नाई ओयखनार त कोनाले?" मगच ते आत येत. दादा कधी चिडत, कधी हसत, पण उत्तर द्यायला चुकत नसत.

माझी वर्ध्याला बदली झाली. निघायच्या संध्याकाळी मी वळकटी बांधत होते. मामा आले, साफा काढला, नेहमीचं विचारलं. आतून उत्तर आलं नाही. मी डोकावले, तर दादांचा बाजेवर डोळा लागला होता, चांगले घोरत होते. मी मामांना म्हटलं, "झोपलेत हो ते. या आत." त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी सामान घेऊन त्यांच्या पाया पडले आणि बस गाठायला निघाले. वळणावरून मागे पाहिलं, तर ते उंबऱ्याबाहेर साफा हातात घेऊन दादांच्या उठण्याची वाट पाहत उभे होते.